सह्यमाथ्यावरचं जांभूळ-अंजनीचं रान आणि त्याचा जैवभार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाबळेश्वर, भीमाशंकर आणि कोयनेच्या वरच्या अंगाला जे बुटकं, गच्च, सदाहरित रान आहे, त्याची मोजणी करताना सोबत आलेले विद्यार्थी, वाटेत भेटलेले गिर्यारोहक आणि गावातली माणसं तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

महाबळेश्वर तर उष्ण कटिबंधात येतं. मग तिथल्या वनाला 'उपोष्ण' (इंग्रजीत सबट्रॉपिकल) का म्हणतात?

नकाशावर महाबळेश्वर जेमतेम १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच खाली. पण झाडाला अक्षांश कळत नाही, गारवा कळतो. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, आणि महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे. त्यामुळे पायथ्याच्या पोलादपुरात घामाच्या धारा लागलेल्या असताना माथ्यावर स्वेटर लागतो. जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी कधीकधी दवाचं हिमकण होतं, त्याचे फोटो आपण दरवर्षी वर्तमानपत्रात पाहतोच.

भारतातल्या वनांचं जे वर्गीकरण आजही वापरलं जातं, ते हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये मांडलं आणि चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ मध्ये सुधारलं. त्यात 'उपोष्ण रुंदपर्णी डोंगरी वनं' असा एक गट आहे, आणि त्याच्या दक्षिणेकडच्या उपगटात पश्चिमेकडचं उदाहरण म्हणून महाबळेश्वरच्या परिसरातलं रान येतं. मध्य भारतातलं पचमढी आणि दक्षिणेतली निलगिरी ही त्याची भावंडं.

या रानातली प्रमुख झाडं कोणती?

जांभूळ, अंजनी आणि पिसा. वनस्पतिशास्त्रज्ञही या वनप्रकाराला याच तीन झाडांवरून ओळखतात.

जांभूळ सगळ्यांच्या ओळखीचं. फक्त देशावरचं शेताच्या बांधावरचं उंच जांभूळ डोळ्यासमोर आणू नका. इथलं जांभूळ वाऱ्याने वाकवलेलं, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेलं असतं. अंजनीला उन्हाळ्याच्या तोंडावर निळ्या फुलांचे झुबके लागतात आणि तेही पानांच्या शेंड्याला नाही, तर फांदीला चिकटून. पाऊलवाटेने चालताना फांदीवर कुणी निळा रंग शिंपडलाय असं वाटतं. लाकूड इतकं टणक की कोयता उसळतो. पिसा दालचिनीच्या कुळातला. त्याची पानं फांदीच्या टोकाला झुपक्याने येतात आणि खालून फिकट पांढुरकी असतात. वारा सुटला की अख्खं झाड रंग बदलल्यासारखं दिसतं.

त्यांच्या जोडीला हिरडा, गेळा, अळू, पारजांभूळ, कुंभा, भोमा. उतारावरून खाली आलात की ऐन, नाना, बेहडा सुरू होतात आणि रान पानगळीचं होत जातं.

'प्रमुख' झाड कोणतं हे ठरवतात कसं? सर्वांत जास्त संख्या ज्याची ते?

नाही, आणि इथेच पहिला घोळ होतो. एक सोपं उदाहरण घ्या, आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. वीस मीटर बाय वीस मीटरच्या चौकटीत ३० सेंटीमीटर घेराच्या ४० अंजनी आणि १५० सेंटीमीटर घेराची ४ जांभळं आहेत. डोकी मोजली तर अंजनी दसपट. पण बुंध्याचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्या हिशोबाने चार जांभळं चाळीस अंजनींच्या अडीचपट जागा व्यापतात. ज्याला आपण 'अंजनीचं रान' म्हणत होतो ते लाकडाच्या हिशोबात जांभळाचं रान निघतं.

म्हणून अभ्यासात तीन गोष्टी मिळून पाहतात : एकूण झाडांत त्या जातीचा वाटा किती, किती चौकटींत ती सापडते, आणि बुंध्यांच्या एकूण क्षेत्रफळात तिचा हिस्सा किती. प्रत्येकाला शंभरपैकी गुण. तिन्हींची बेरीज म्हणजे त्या जातीचा 'महत्त्व निर्देशांक', कमाल ३००. माझं मत विचाराल तर ही बेरीज सांगताना तिन्ही आकडे वेगवेगळेही द्यावेत. नुसत्या बेरजेत 'थोडी पण थोराड' आणि 'पुष्कळ पण किरकोळ' अशा दोन अगदी वेगळ्या जाती एकाच आकड्यावर येऊन बसतात.

पाऊस एवढा प्रचंड, मग झाडं बुटकी का?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे खरं. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले सात-आठ महिने झाडाला कोरडेच काढायचे असतात. पडलेलं पाणी धरून ठेवायला खाली खोल माती नाही. माथ्यावर जांभा दगड, त्यावर वीतभर माती, आणि उतारावरची माती तर पावसाबरोबर कोकणात उतरलेली.

दुसरं कारण वारा. जून-जुलैत अरबी समुद्रावरून येणारा वारा कड्यावर आपटून वर येतो तेव्हा माणसाला उभं राहवत नाही. कड्याच्या कडेची झाडं पाहा, सगळ्यांचा माथा एकाच बाजूला कलंडलेला आणि वरून विळ्याने छाटल्यासारखा. जे पोर वर डोकं काढतं त्याचा शेंडा मोडतो. मग ते आडवं वाढतं, बुंधा जाड होतो, उंची मात्र तेवढीच राहते.

याला माणसाच्या हाताचीही जोड आहे. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक जांभ्यातून लोखंड गाळत, आणि भट्टीला लागणारा कोळसा याच रानातून येई. आज एका बुडातून चार-चार, पाच-पाच खोडं फुटलेली जी झाडं दिसतात, त्यांतली कितीतरी कधीकाळी तोडलेल्या खोडांना आलेले धुमारे आहेत.

जैवभार म्हणजे नक्की काय? झाडाचं वजनच ना?

वजनच, पण सुकं. ओल्या लाकडात पाणी भरपूर असतं आणि ते ऋतूनुसार कमीजास्त होतं, म्हणून लाकडाचा नमुना भट्टीत सुमारे १०५ अंशांवर पूर्ण वाळवून उरेल तो आकडा धरतात. खोड, फांद्या आणि पानं मिळून जमिनीवरचा जैवभार. मुळांचा वेगळा. मुळं उपटून मोजणं जवळपास अशक्य, त्यामुळे साधारणपणे वरच्या भाराचा पाव हिस्सा किंवा त्याच्या आसपास असं धरलं जातं.

झाड न तोडता त्याचं वजन कसं कळतं?

कुठेतरी, कधीतरी कुणीतरी झाडं तोडून, तुकडे करून, तोलून ठेवलेली असतात. त्या आकड्यांवरून घेर, उंची आणि लाकडाची घनता यांचं वजनाशी नातं सांगणारं सूत्र बसवतात. आज उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी जगभर वापरलं जाणारं सूत्र जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दिलं. त्यामागे ५८ ठिकाणी तोडून तोललेली ४,००४ झाडं आहेत.

सूत्र असं : लाकडाची घनता (ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर) गुणिले व्यासाचा वर्ग (सेंटीमीटर) गुणिले उंची (मीटर). येईल त्या संख्येचा ०.९७६ वा घात काढा आणि ०.०६७३ ने गुणा. उत्तर किलोत.

करून पाहू. घेर ९० सेंटीमीटर, म्हणजे व्यास ९० भागिले ३.१४, सुमारे २८.६ सेंटीमीटर. उंची ८ मीटर. घनता जांभळासाठी ०.७ धरू. उत्तर येतं सुमारे २५० किलो. त्यातला ४७ टक्के कार्बन धरतात, म्हणजे ११८ किलोच्या आसपास. आणि तेवढा कार्बन साठवायला झाडाने हवेतून ओढलेला कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर ३.६७ ने गुणायचं, म्हणजे साधारण ४३० किलो.

उंची मोजायचा आग्रह का? घेर मोजला की झालं ना?

या रानात अजिबात नाही. हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तेच ९० सेंटीमीटर घेराचं जांभूळ आठ मीटरऐवजी वीस मीटर उंच असतं तर? वरच्याच सूत्राने उत्तर येतं सुमारे ६२० किलो. घेर तोच, लाकूड तेच, वजन अडीचपट. खालच्या खोऱ्यातल्या सरळसोट झाडांवरून बसवलेलं 'फक्त घेर'वालं सूत्र जर सह्यमाथ्यावर लावलं, तर ते प्रत्येक झाडाला मनातल्या मनात उंच धरतं. आठ मीटरच्या झाडाला ते वीस नाही तरी बारा-चौदा मीटरचं समजतं. एका झाडात झालेली ही चूक शेकडो झाडांत एकाच दिशेने साठत जाते. कधी जास्त, कधी कमी अशी ती होत नाही, त्यामुळे नमुने वाढवूनही ती कटत नाही.

सुरुवातीच्या काळात आमच्याही हातून हे झालं. एक आख्खा हंगाम आम्ही घेर अगदी काटेकोर घेतले आणि उंची 'साधारण दहा मीटर' म्हणून नजरेने लिहिली. पुढच्या वर्षी त्याच चौकटींत क्लिनोमीटर (कोनावरून उंची काढायचं साधन) आणि खूणपट्टी लावलेला बांबू घेऊन गेलो, तर बहुतेक झाडं सहा-सात मीटरांतच अडकली. छत गच्च असलं आणि आपण त्याच्या आत उभे असलो की डोळा उंची वाढवून सांगतो. तेव्हापासून आमच्याकडे नजरेची उंची वहीत चढत नाही.

प्रत्यक्ष मोजताना आणखी कुठे चुकतं?

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. हे भारतातल्या वनखात्याचं रूढ माप. परदेशी सूत्रांत बहुधा १.३ मीटर असतं. उतारावरचं झाड असेल तर ही १.३७ मीटरची उंची चढाच्या बाजूने मोजायची, खालच्या बाजूने नव्हे. झाड १.३७ मीटरच्या खाली दुभागलं असेल तर दोन्ही खोडं स्वतंत्र लिहायची. इथे हे दर तिसऱ्या-चौथ्या झाडाला करावं लागतं. पाच खोडांच्या अंजनीचा एकत्र मोठा घेर घेऊन सूत्रात टाकला तर उत्तर भलतंच फुगतं, कारण घेराचा वर्ग होतो.

पावसाळ्याच्या शेवटी खोडावर बोटभर जाडीचं शेवाळ आणि त्यात रुजलेल्या ऑर्किड असतात. टेप शेवाळावरून नाही, खालून सरकवायचा, तोही शेवाळ खरवडून न काढता. बोटांनी हलकेच बाजूला सारलं तर जमतं. ते शेवाळ तयार व्हायला कितीतरी पावसाळे लागलेले असतात.

चौकट आखताना उताराचं भान ठेवायला हवं. तीस अंशांच्या उतारावर जमिनीवरून वीस मीटर टेप धरला तर नकाशावरचं अंतर सव्वासतरा मीटरच भरतं. ही दुरुस्ती केली नाही तर हेक्टरी आकडा परत चुकतो, या वेळी कमी होतो.

आणि ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे राब. नाचणी-वरीच्या रोपांसाठी जमीन भाजायला झाडांच्या फांद्या उतरवतात. वर्षानुवर्षं फांद्या उतरवलेलं झाड खांबासारखं होतं, वर थोडा झुपका. घेर चांगला, उंचीही ठीक, पण फांद्यांचं वजन गेलेलं. सूत्राला हे दिसत नाही. अशा झाडापुढे वहीत 'राबाचं' असा शेरा लिहून ठेवा, म्हणजे हिशोबाच्या वेळी ती वेगळी काढता येतात.

वेली आणि कारवी मोजायची की नाही?

वेलींसाठी वेगळी सूत्रं असतात. देवराईत गारंबीच्या वेलाचं खोड माणसाच्या मांडीएवढं जाड सापडतं. ते वगळणं बरोबर नाही. कारवी झुडूप आहे, झाडांच्या सूत्रात बसत नाही. ती लहान चौकटीत कापून, वाळवून तोलतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग सगळीच्या सगळी वाळून मरते. त्यामुळे कारवीचा आकडा देताना ती कितव्या वर्षाची होती हे लिहिलं नाही तर तो आकडा निरुपयोगी.

देवराईत आणि बाहेरच्या रानात किती फरक पडतो?

डोळ्यांना दिसेल एवढा. भीमाशंकरच्या बाजूला आहुप्यासारख्या देवराईत शिरलात की पाच-दहा पावलांत उजेड बदलतो. तिथे आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा अशा जुन्या झाडांचे बुंधे दोघांच्या कवेत मावत नाहीत. कुठल्याही जुन्या वनात मूठभर थोर झाडांत एकूण भाराचा मोठा हिस्सा असतो, कारण वजन घेरापेक्षा कितीतरी वेगाने वाढतं. असं एक झाड वादळात पडलं तर चौकटीचा आकडा एका रात्रीत कोसळतो. म्हणून देवराईत चौकटी मोठ्या आणि जास्त घ्याव्या लागतात. एका लहान चौकटीत दोन थोर झाडं आली म्हणून साऱ्या देवराईचा आकडा तसा सांगणं ही फसगत आहे.

हिमालयातल्या उपोष्ण वनांशी तुलना करता येईल का?

करता येईल, पण झाडंच वेगळी आहेत. कुमाऊं-गढवालमध्ये साधारण ९०० ते १,८०० मीटरपर्यंत चिर पाइनचं राज्य, आणि त्याच्या वरच्या अंगाला बांज ओक. नेपाळच्या मधल्या डोंगरांत चिलाउने आणि कटुस. आपल्या सह्याद्रीतच काय, विंध्याच्या दक्षिणेला कुठेही ओक किंवा पाइन नैसर्गिकपणे उगवत नाहीत. त्यांची जागा इथे जांभूळ-अंजनीने घेतली आहे. एक दुवा मात्र आहे : आपला पिसा ज्या दालचिनीच्या कुळातला, त्याच कुळातली झाडं हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतच्या उपोष्ण डोंगरी वनांत मोठ्या संख्येने आढळतात.

तिथली झाडं उंच, त्यामुळे हेक्टरी भारही अधिक. पण भार सारखा असला तरी वनं सारखी होत नाहीत. चिरच्या वाळक्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात जमिनीवर थर धरतात आणि वणव्याला आयतं जळण मिळतं. बांजाच्या पानांचा चारा होतो आणि त्याच्या सावलीत झरे टिकतात, असं तिथल्या बायका सांगतात. कार्बनच्या कागदावर हा फरक दिसत नाही, गावाला मात्र रोज जाणवतो.

आता उपग्रह आहेत. जंगलात टेप घेऊन हिंडायची गरज आहे का?

आहे. अंतराळ स्थानकावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये पाठवलेलं नासाचं 'गेडी' उपकरण लेझरने वनाची उंची मोजतं. युरोपीय अंतराळ संस्थेचा 'बायोमास' उपग्रह २०२५ च्या एप्रिलमध्ये गेला, त्याचं लांब लहरींचं रडार पानांतून आत शिरून खोड-फांद्या टिपतं. दोन्ही फार मोलाची साधनं आहेत. पण लेझरचा एक ठिपका जमिनीवर सुमारे २५ मीटर रुंद पडतो. सपाट जमिनीवर हरकत नाही, पण सह्याद्रीच्या उतारावर त्याच ठिपक्याच्या वरच्या आणि खालच्या कडेत दहा-पंधरा मीटरचा फरक असतो. आपलं झाडच मुळी आठ मीटरचं. उतार कुठे संपला आणि झाड कुठे सुरू झालं हे वेगळं काढायला जमिनीवरच्या नोंदीच लागतात.

मग जैवभार वाढवायला मोकळ्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, झाडं लावली तर?

कृपा करून लावू नका. सडा उजाड दिसतो, पण तो उजाड नसतो. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, ते तिथल्या झाडांमुळे नाही, तर जांभ्यावरच्या बोटभर मातीत उगवणाऱ्या फुलांमुळे. तिथे खड्डे खणून सिल्व्हर ओक किंवा ऑस्ट्रेलियन अकेशिया लावले तर हेक्टरी टन वाढतील आणि फुलं जातील. अंजनीच्या रानाला 'कमी उत्पादक' ठरवून त्या जागी भराभर वाढणारी झाडं लावण्याचा विचारही तितकाच घातक. अंजनी हळू वाढते, पण तिच्या गच्च छतातूनच शेकरू जमिनीवर न उतरता एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. त्याला टन नकोत, फांदीला फांदी लागलेली हवी.

गावकऱ्यांना या झाडांचा काय उपयोग?

भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नर भागातल्या महादेव कोळी कुटुंबांसाठी बाळहिरडा म्हणजे उन्हाळ्यातली रोख कमाई. कोवळी फळं झोडपून, वेचून, अंगणात वाळवली जातात आणि घरभर तुरट वास भरून राहतो. महाबळेश्वरच्या बाजूला जांभळाचा फुलोरा आला की सातेरी मधमाश्यांच्या पेट्या भरतात. तिथलं मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून पुढे आलं. कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती अजून कितीतरी घरांना आहेत. जिथे हिरड्याचं उत्पन्न आहे तिथे हिरड्यावर कुऱ्हाड पडत नाही, हे मोजणीत स्पष्ट दिसतं.

मातीतला कार्बन यात धरला आहे का?

नाही, तो वेगळा. कार्बनचे पाच साठे मानतात : जमिनीवरचा, मुळांतला, मेलेल्या लाकडातला, पाचोळ्यातला आणि मातीतला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार देशातल्या वनांच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून जास्त मातीत आहे. बुटक्या रानाला हलकं लेखण्यापूर्वी त्याच्या खालची काळी, भुसभुशीत माती हातात घेऊन पाहा.

मला स्वतः मोजणी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

स्वतःच्या अंगणातल्या किंवा बांधावरच्या जांभळापासून. शिंप्याचा टेप पुरतो. राखीव वनात आणि अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे, हेही ध्यानात असू द्या. खिळे ठोकून पाट्या लावू नका, रंगाचा बारीक पट्टा पुरे. पट्टा नेमका जिथे टेप धरला तिथेच मारा, म्हणजे पाच वर्षांनी दुसरा कुणी आला तरी तो तिथेच धरेल. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. पिसा आणि भोमा पानावरून ओळखायला आपल्याला दोन हंगाम लागतात. ते साल खरवडून, वास घेऊन सांगतात, आणि ते झाड कुणी कधी तोडलं होतं हेही सांगतात.